अनुभव धागा: कॅम्पेन वळलं, तुमचं पात्र कसं वळलं?

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये (पात्रं रचून फाशांच्या जोरावर गोष्ट खेळायचा टेबलावरचा खेळ) लेव्हल १ला, म्हणजे पहिल्या पायरीवर, पात्र बनवताना कॅम्पेनबद्दल (अनेक बैठकांत चालणारी गोष्ट) आपल्याला जेमतेम दोन ओळी माहीत असतात. 'गोब्लिनांनी गांजलेलं सीमेवरचं गाव' एवढं डीएमने (डंजन मास्टर, गोष्ट चालवणारा) सांगितलेलं असतं. तेवढ्यावर आपण नाव, घराणं, मेलेले आईवडील (हे असतातच), एखादा जुना वैरी असं सगळं रचतो. लेव्हल ५ येईपर्यंत गाव मागे पडतं, गोष्ट समुद्रावर नाहीतर दरबारात शिरते, गटातलं कुणीतरी शहर सोडतं, आणि आपल्याकडे उरतं भलत्याच गोष्टीसाठी बेतलेलं पात्र.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ आला तो युद्धखेळांतून. तिथे डाव मोडला की सैन्य परत डब्यात जायचं. इथे तोच माणूस पुढच्या शनिवारी परत येतो आणि मागच्या शनिवारचं ओझं घेऊन येतो. ते ओझं तुम्ही कसं वाहिलंत, ते लिहा. वर क्लास (पात्राचा पेशा) आणि लेव्हल टाका. 'बॅकस्टोरी थोडी बदलली' एवढ्यावर थांबू नका, टेबलावर काय घडलं ते हवंय. छापील साहस खेळत असाल तर कथानक फोडू नका.

सुरुवात माझ्यापासून, त्याखाली बाकीच्यांची उत्तरं.

रेंजर, लेव्हल ६

२०१४च्या नियमांत रेंजरला सुरुवातीलाच एक आवडता भूप्रदेश निवडावा लागतो. मी जंगल घेतलं. लेव्हल ४ला आम्ही एक जहाज पळवलं आणि जंगल संपलं. डीएम म्हणाला, २०२०च्या पुस्तकातला पर्याय घे, त्यात भूप्रदेशाची भानगड नाही. मी नको म्हटलं. माग काढण्यावर जगणारा माणूस आणि पाण्यावर माग उरत नाही, हे मला खेळून बघायचं होतं. तो रात्री सुकाणूवालीजवळ जाऊन बसायचा आणि दर सेशनला तिला एकच प्रश्न विचारायचा. पक्षी कुठून येतात, पाण्याचा रंग का बदलला, असलं काहीतरी. लेव्हल ६ला नियमानेच दुसरा भूप्रदेश मिळतो. मी 'किनारा' लिहिलं तेव्हा कुणाला आश्चर्य वाटलं नाही. लढाईत अडलं का? नाही, धनुष्य डेकवरूनही चालतं.

बार्बेरियन, लेव्हल ९

माझा हाफ-ऑर्क (अर्धा माणूस, अर्धा राक्षसी ऑर्क) एका जायंटच्या गदेखाली मेला. रेझ डेड या मेलेल्याला उठवणाऱ्या मंत्राला पाचशे सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो आणि तो मंत्र येणारा कुणीतरी लागतो. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. ड्रुइड (निसर्गाचे मंत्र येणारी) मात्र होती, म्हणून तिचा रीइनकार्नेट मंत्र. यात आत्मा जुना, देह नवा, आणि देह कोणता ते २०१४च्या नियमांत शंभरी फासा ठरवतो. पडले ७०. तक्त्यात पाहिलं तर स्टाउट हाफलिंग! साडेसहा फुटी गडी तीन फुटांवर.

हसून झाल्यावर हिशेब मांडला. ग्रेटअ‍ॅक्स (मोठी कुऱ्हाड) हे हेवी, म्हणजे जड, शस्त्र, लहान आकाराच्या पात्राला त्याच नियमांत ते चालवताना डिसअ‍ॅडव्हांटेज. म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा. आमच्यातल्या नियमपंडिताने लगेच सांगितलं की रेकलेस अटॅकने (बार्बेरियनचा बेदरकार हल्ला, त्यात उलट जास्त आकडा धरतात) ते कापता येईल, पण मग रेकलेसचा फायदा काय राहिला? शेवटी बॅटलअ‍ॅक्स घेतली. चाल पाच फुटांनी घटली. मरता मरता एका हिट पॉइंटवर (जीव मोजायचा आकडा) तग धरायची ऑर्की ताकद गेली. त्याबदल्यात विषाला थोडा अटकाव, आणि डी-ट्वेंटीवर (वीस बाजूंच्या फाशावर) १ पडला तर फासा पुन्हा टाकायची मुभा.

पण हे आकडे झाले. खरी पंचाईत अशी की हा माणूस खानावळीत शिरला की आवाज बंद व्हायचे, आणि आता मालकीण त्याला न मागता दूध आणून देते. मी ठरवलं, त्याला काही बदललंय हे मान्यच नाही. तोच घसा, त्याच धमक्या. टेबल हसून लोळायचं. मग एका वाटाघाटीत समोरच्या सरदाराने त्याला आमचा नोकर समजून त्याच्या देखत आपला सगळा बेत बोलून टाकला. तिथून गडी गप्प बसून ऐकायला लागला. पुढच्या लेव्हलला मी 'रोग' (चोर-हेरांचा क्लास) याचा एक स्तर घेतला. आधीच्या आयुष्यात तो असं काही करेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. डीएमने नंतर जुना देह परत मिळवायची वाट दाखवली. मी गेलो नाही.

फायटर, लेव्हल ६

आमची क्लेरिक (देवाच्या मंत्रांनी जखमा भरणारी) न्यू जर्सीला गेली. म्हणजे खेळाडू गेली, पात्र नव्हे. आमची शनिवारची संध्याकाळ ही तिची सकाळ, त्यात मूल लहान, जमेना. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. क्लेरिकचा स्तर घ्यायला विझडम (शहाणपणाचा आकडा) १३ हवं, माझं १०. म्हणून लेव्हल ६ला हीलर हे फीट (जादा कौशल्य) घेतलं. पाच नाण्यांचं किट, दहा वेळा पुरतं. गोष्टीत तिने निघताना आपली थैली माझ्याकडे दिली, आणि मी मलमपट्टी करताना तिची प्रार्थना पुटपुटतो. चुकीची. आता नवा क्लेरिक आलाय, तो दर वेळी दुरुस्त करतो.

पॅलाडिन, लेव्हल ७

रेंजरवाल्यांनी पर्यायी नियम नाकारला ते त्यांच्यापुरतं ठीक. मी घेतला आणि बरं झालं. माझी शपथ सुडाची होती, आणि ज्याच्यावर सूड घ्यायचा तो आमच्या रोगच्या एका क्रिटिकलमध्ये (जबर घावात) खलास. सगळे नाचत होते, मी कॅरेक्टर शीटकडे बघत बसले. जगण्याचं कारणच संपलेली बाई गटात कशाला राहील? डीएमने त्या मेलेल्या माणसाची अजाण मुलगी गोष्टीत आणली आणि मी तिला सोबत घेतलं. पुढे डीएमशी बोलून सबक्लास (क्लासचा पोटप्रकार, पॅलाडिनला तो शपथेवर ठरतो) बदलून रिडेम्प्शनची, म्हणजे उद्धाराची, शपथ घेतली. पण लगेच नाही. मध्ये बराच काळ ती जुन्या शपथेची वाक्यं त्या पोरीसमोर बोलून अडखळायची, आणि मला विचाराल तर तेवढाच भाग खेळण्यासारखा होता.

रोग, लेव्हल ८

मी जरा कडू लिहिते. माझी चोर अनाथ होती, अनाथच राहणार होती. डीएमने परस्पर ठरवलं की ती गादीची वारस. भर सेशनमध्ये दूत येऊन गुडघे टेकतो! बाकीच्यांना मजा आली. आम्ही मराठीत खेळतो, त्यामुळे तिला आता 'अहो' म्हणायचं का यावर अर्धा तास गेला. मला मात्र कुणीतरी माझं कपाट उघडून आवरून ठेवल्यासारखं वाटलं. शेवटी मी तिला मुकुट घ्यायला लावला आणि पहिल्याच दिवशी तिने खजिन्याची यादी मागवली. डीएमचा चेहरा बघण्यासारखा होता.

डीएम

बार्बेरियनचा फासा आणि रोगची गादी या एकाच जातीच्या गोष्टी नाहीत. फाशाचा निकाल लागू शकतो हे टेबलावरच्या सगळ्यांना आधीपासून माहीत असतं. बॅकस्टोरी खेळाडूची असते, तिला हात लावायचा तर आधी एक फोन करावा. सरप्राइज थोडं कमी होतं, होऊ दे. सेशन झीरोला (खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत) मी आता एवढंच विचारतो: तुमच्या पात्रातलं काय मी मोडू शकतो आणि काय नाही? आणि खेळाडूंनाही एक सांगायचंय. 'माझं पात्र असंच वागेल' हे वाक्य गट सोडून एकटं जायला वापरू नका. पात्र काय करेल याची उत्तरं नेहमी दोन-तीन असतात, त्यातलं बाकीच्यांना सोबत ठेवणारं निवडा.

क्लेरिक, लेव्हल १०

डीएमसाहेबांचं पटतं, पण पूर्ण नाही. आमच्या गटाने एका नेक्रोमॅन्सरशी (मेलेल्यांना उठवणारा मांत्रिक) हातमिळवणी केली. डावपेच म्हणून ती बरोबरच होती, मीही खेळाडू म्हणून हो म्हटलं. पण माझा क्लेरिक थडग्यांची राखण करणाऱ्या देवाचा. उत्तरं दोन-तीन शोधली, सगळी ओढूनताणून. म्हणून त्याला वाकवण्यापेक्षा निरोप दिला. गटाशी शेवटचं जेवण, भांडण नाही, आणि शीट डीएमच्या हवाली. मी नवीन बार्ड घेतला, तो नेक्रोमॅन्सरवर गाणी रचतो. या शनिवारी त्याच नेक्रोमॅन्सरच्या किल्ल्यावर हल्ला होणार आहे, हल्ल्याच्या पुढे माझा जुना क्लेरिक आहे, आणि त्याचे सगळे मंत्र मीच निवडलेले आहेत.