‘इन्क्रेडिबल्स २’चे संगीत: जुन्या धुनेची उजळणी की नवे काम?

मंद्रसप्तक:
‘इन्क्रेडिबल्स २’ या पिक्सारच्या, सुपरहिरो कुटुंबावरच्या अ‍ॅनिमेशनपटाच्या पार्श्वसंगीताचे एक परीक्षण काल इथे वाचले. त्याचा सारांश असा की, संगीतकार मायकल जियाकिनोने २००४ सालच्या पहिल्या भागातली धून चौदा वर्षांनी पुन्हा वाजवली, तिचा आवाज थोडा वाढवला, आणि मुलांच्या विनोदी सिनेमाला एवढे पुरते. हे शेवटचे वाक्य मला फार खुपले, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

मुख्य धून तीच आहे, यात वाद नाही. पहिला भाग जिथे संपतो त्याच क्षणी, अंडरमायनर या खलनायकाच्या हल्ल्यापासून, दुसरा सुरू होतो. तिथे ओळखीची धून टाळली असती तर तेच खटकले असते. मात्र या भागात कथेचा भार बॉबकडून, म्हणजे मिस्टर इन्क्रेडिबलकडून, त्याची बायको हेलनकडे, म्हणजे इलास्टिगर्लकडे जातो आणि संगीतही तिच्याबरोबर जाते. ताबा सुटलेल्या रेल्वेचा ती मोटारसायकलवरून पाठलाग करते तो प्रसंग चित्राकडे न बघता ऐकावा. ड्रम आणि बेस धाव सोडत नाहीत, ब्रास, म्हणजे ट्रंपेटसारखी पितळी वाद्ये, तुटक आणि टोकदार बोलतात, आणि बॉबच्या वाट्याला येणारा मिरवणुकीचा थाट इथे मुद्दाम बाजूला ठेवलेला जाणवतो. घरामागच्या अंगणात त्यांचा तान्हा मुलगा जॅक-जॅक रकून या प्राण्याशी भिडतो तेव्हा तर संगीत त्या भांडणाला खऱ्या लढाईचा मान देते. वाद्ये स्वतः हसत नाहीत, म्हणून आपल्याला हसू येते. विनोदाला साथ करण्याचे हे सर्वांत अवघड अंग आहे आणि परीक्षणात त्याचा उल्लेखही नाही.

तिसरी घंटा:
ते परीक्षण माझेच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. जून २०१८ मध्ये अमेरिकेत आठवड्याच्या अंतराने दोन मोठे चित्रपट आले, हा आणि ‘ज्युरासिक वर्ल्ड: फॉलन किंगडम’. दोन्हींचा संगीतकार एकच. अशा वेळी तयार साहित्यावर भिस्त ठेवली जाते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. शिवाय मुळातली धून तरी कितपत स्वतंत्र आहे? दिग्दर्शक ब्रॅड बर्डला पहिल्या भागासाठी बाँडपटांचा संगीतकार जॉन बॅरी याचा साठच्या दशकातला बाज हवा होता, आणि पहिल्या जाहिरातपटाला बॅरीचेच जुने बाँड-संगीत लावले होते. म्हणजे दुसरा भाग ही छायेची छाया झाली. ऑस्कर देणाऱ्या अकादमीनेही २०२० साली मालिका-चित्रपटांच्या संगीतात किमान ८० टक्के भाग नवा असावा अशी अट घातली, ती उगाच नाही.

मंद्रसप्तक:
अट २०२० ची, चित्रपट २०१८ चा. आणि टक्केवारीने संगीत मोजायचे तर बंदिश तीच असताना दोन गायकांच्या गाण्यात फरक काय, या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर उरणार नाही. एका महिन्यात दोन चित्रपट प्रदर्शित झाले म्हणून ते एका महिन्यात लिहिले गेले असेही नसते. आपण संगीत ऐकून लिहिता की प्रदर्शनाच्या तारखा पाहून?

पार्ल्याची आई:
या वादात कोणीच न काढलेला मुद्दा मांडते. मिस्टर इन्क्रेडिबल, इलास्टिगर्ल आणि त्यांचा मित्र फ्रोझोन यांची तीन छोटी गाणी शेवटच्या श्रेयनामावलीत आहेत, जुन्या टीव्ही मालिकांच्या शीर्षकगीतांसारखी. आम्ही गेलो त्या मल्टिप्लेक्समध्ये पहिले नाव पडद्यावर येताच दिवे लागले, झाडूवाले आत आले आणि दारातला मुलगा “चला, चला” करू लागला. माझी लेक फ्रोझोनच्या गाण्यासाठी हट्टाने उभी राहिली, तर मागून एक गृहस्थ म्हणाले, “अहो, सिनेमा संपला.” प्रेक्षकाला संगीत ऐकूच द्यायचे नाही आणि मग ते लक्षात राहत नाही म्हणायचे, हा कुठला न्याय?

मडगावकर:
छायेची छाया म्हणणाऱ्यांनी पहिल्या भागाचे ध्वनिमुद्रण कसे झाले ते पाहावे. बर्डला जुना बाज हवा होता म्हणून ते अ‍ॅनालॉग टेपवर मुद्रित झाले, आणि ब्रासचा आवाज डिजिटलपेक्षा टेपवर खुलतो असे ध्वनिमुद्रक डॅन वॉलिन यांचे म्हणणे होते. नुसती धून उचलून तो बाज येत नाही. माझे वडील बँडमध्ये ट्रंपेट वाजवत. ते सांगत की, ट्रंपेट जोरात उठला की तो व्हायोलिनच्या माइकमध्ये शिरतो. हल्ली वादकांना वेगवेगळ्या वेळी बोलावून हा त्रास टाळतात, पण मग एकमेकांचे ऐकून वाजवणे संपते. आपल्याकडे असे एकत्र वाजवणे मुंबईच्या स्टुडिओंत रोज चालत असे, आणि ते संगीत स्वरलिपीत बांधून देणारे कोण होते? गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. पडद्यावर मात्र नाव संगीतकाराचे. म्हणून जियाकिनोच्या पहिल्या भागात टिम सिमोनेक यांचे नाव वाचले तेव्हा मला फार बरे वाटले. वाद्यमेळाची मांडणी करणाऱ्याला श्रेय मिळाले पाहिजे, मग सिनेमा कार्टूनचा का असेना.

तिसरी घंटा:
चर्चा पिक्सारच्या चित्रपटाची आहे. गोव्याच्या वादकांवर अन्याय झाला, हे मलाही ठाऊक आहे. त्याने या चित्रपटाचे संगीत नवे ठरत नाही.

मडगावकर:
आपण मूळ काम आणि नक्कल यांची रेघ ओढलीत, म्हणून बोलावे लागले. शंकर-जयकिशनच्या गाण्यांतले व्हायोलिनचे ताफे डिसोझांनी मांडले. चाल एकाची, मांडणी दुसऱ्याची. मग त्यातले नवे काम कोणाचे, ते सांगावे. ज्याला मांडणी ऐकू येत नाही त्याला दुसरा भाग पहिल्यासारखाच वाटणार. माझ्या वडिलांनी वाजवलेल्या एकाही ध्वनिमुद्रिकेवर त्यांचे नाव नाही, तेव्हा हा विषय माझ्यासाठी फाटा नाही.

पार्ल्याची आई:
दोघांनीही आवाज खाली आणावा. मडगावकरांचे म्हणणे मला विषयाला धरूनच वाटते. धून तीच आणि मांडणी वेगळी, हाच तर इथला मूळ वाद आहे.

तिसरी घंटा:
रेल्वेचा प्रसंग हेडफोन लावून पुन्हा ऐकला. तो उत्तम बांधला आहे, एवढे मान्य करतो. इलास्टिगर्लचा स्वभाव वाद्यांत उतरला आहे, हेही मान्य करतो. मुख्य धून गरजेपेक्षा जास्त वेळा येते, हे मात्र मागे घेत नाही. अ‍ॅनिमेशनसाठीच्या अ‍ॅनी पुरस्कारांत या संगीताला बक्षीस मिळाले, हे कोणी पुढे करण्याआधीच सांगतो, बक्षिसाने माझे कान बदलणार नाहीत.

मंद्रसप्तक:
धून जास्त वेळा येते, या मताशी मी भांडणार नाही. शेवटच्या जहाजावरील प्रसंगात मलाही ती एकदा कमी चालली असती. पण खलनायक स्क्रीनस्लेव्हर आणि इलास्टिगर्ल यांच्या पिंजऱ्यातल्या मारामारीवर आपण परीक्षणात एक अक्षर लिहिलेले नाही. तिथल्या लुकलुकत्या प्रकाशामुळे अमेरिकेतल्या चित्रपटगृहांना अपस्माराच्या रुग्णांसाठी सूचना लावाव्या लागल्या. डोळ्यांवर एवढा मारा चालू असताना वाद्यमेळ काय करतो, कुठे थांबतो, कुठे चढतो, त्यावर लिहावे. मग पुढे बोलू.