रीयुजेबल वेब कंपोनंटचं डॉक्युमेंटेशन नक्की ठेवायचं कुठे?

पुणेरी_डेव्ह
मंडळी, आमच्याकडे लिटमध्ये (वेब कंपोनंट लिहायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) लिहिलेले ४० एक कंपोनंट, म्हणजे बटण, ड्रॉपडाउनसारखे पुन्हा पुन्हा वापरायचे तुकडे, आहेत आणि ५ टीम ते वापरतात. सगळी माहिती विकीवर. गेल्या महिन्यात ड्रॉपडाउनच्या इव्हेंटचं नाव बदललं, विकी बदलायचं राहिलं, आणि एका टीमचा पोरगा दोन दिवस जुन्या नावावर लिसनर (इव्हेंट घडला की चालणारा कोड) लावून बसला, एरर येत नाही ना काही, नुसतं गप्प. आता रीडमी (कोडसोबतची माहितीची फाइल), स्टोरीबुक (कंपोनंट ब्राउझरमध्ये चालवून दाखवणारं टूल) की वेगळी साइट?

तिखटकोड
विकी बंद कर आधी. माहिती कोडच्या शेजारी नसेल तर ती शिळी होणारच. क्लासच्या डोक्यावर जेएसडॉक (ठरावीक टॅग वापरून लिहिलेली कॉमेंट) लिहा, कस्टम एलिमेंट्स मॅनिफेस्टचा, म्हणजे कंपोनंटच्या माहितीच्या यादीचा, ॲनालायझर कोड वाचून त्यातून जेसन (डेटाची टेक्स्ट) फाइल काढतो, स्टोरीबुक तीच वाचून टेबल बनवतं. क्लासमध्ये सरळ डिस्पॅच केलेला इव्हेंट तो बहुतेक वेळा स्वतःच उचलतो, पण स्लॉट (बाहेरून मजकूर टाकायची जागा) आणि सीएसएस पार्ट (बाहेरून स्टाइल करता येणारा भाग) हातानेच लिहावे लागतात, ते टेम्पलेटमध्ये असतात ना. फाइल पॅकेजसोबतच पाठवा, म्हणजे ज्याच्याकडे जुनं व्हर्जन त्याला जुनीच माहिती मिळेल. विकीला हे कधीच जमत नाही.

रेषा_आणि_रंग
हे सगळं तुम्हा डेव्हलपरांचं झालं हो. मी डिझायनर, मी कशाला कोडचा रेपो उघडू? मोडल (पानावर उघडणारी खिडकी) कधी वापरायचा आणि कधी नाही हे कुठल्या जेसनमध्ये येतं?

तिखटकोड
बरोबर आहे ताई, ते येत नाही. ते एमडीएक्स (मजकुरात कंपोनंट टाकता येणारं मार्कडाउन) फाइलमध्ये लिहायचं, कंपोनंटच्याच फोल्डरमध्ये, स्टोरीबुकमध्ये ते पान म्हणून दिसतं. तुम्हाला फक्त लिंक लागेल.

लोकल_१८_०५
लिंक द्याल पण लिहिणार कोण? आमच्याकडे स्टोरीबुक होतं, निम्म्या पानांवर बटणाचं नाव आणि खाली शून्य. शेवटी सीआयमध्ये (कोड टाकला की आपोआप होणाऱ्या तपासणीत) ॲनालायझर चालवला, निघालेली फाइल कमिट केलेल्या फाइलशी जुळली नाही तर बिल्ड फेल. शिव्या खाल्ल्या पण इव्हेंटचं नाव गुपचूप बदलणं थांबलं. वर्णन रिकामं असलं तर मात्र ते यात पकडलं जात नाही, ते रिव्ह्यूमध्येच बघावं लागतं.

पुणेरी_डेव्ह
ड्रॉपडाउनवर करून बघितलं, चाललं! फक्त जेसनमध्ये आमचे प्रायव्हेट मेथडपण आलेत, लाज काढली.

तिखटकोड
त्यांच्यावर इंटर्नल टॅग लाव, गायब होतील.