पान मराठीत, पण आत नोंद इंग्रजीची: हे बदलायलाच हवं

दर्याकाठ (वेंगुर्ले): मालवण, गुहागर, दिवेआगरच्या होमस्टेंच्या काही साइट बघितल्या. मजकूर मराठी, पण सोर्स (पानामागचा कोड) उघडला की सगळ्यात वरच्या एचटीएमएल टॅगमध्ये लँग ॲट्रिब्यूट, म्हणजे पानाच्या भाषेची नोंद, 'इएन' (इंग्रजी). इंग्रजी टेम्प्लेट घेतलं आणि तेवढी ओळ तशीच राहिली. तिथे 'एमआर' (मराठी) लिहा. अंध माणसाच्या स्क्रीन रीडरने (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने) कुठल्या भाषेचा आवाज लावायचा, ते ही ओळ सांगते. इंग्रजी आवाजात 'न्याहारीला घावणे मिळतील' हे वाक्य बऱ्याचदा गाळलं जातं, नाहीतर कळेनासं होतं. त्याने खोली बुक करायची कशी?

रत्नांग्री: उगाच नको तिथे जोर लावताय. पानाची भाषा ठरवताना आपण लँग बघत नाही, दिसणारा मजकूर बघतो, असं गूगलने स्वतः सांगितलंय. खरं नुकसान खिचडीने होतं: अर्धं पान मराठी, अर्धं इंग्रजी. दोन भाषांना दोन वेगळे पत्ते द्या आणि एचरेफलँगने (हेच पान दुसऱ्या भाषेत कुठे आहे ते गूगलला सांगणाऱ्या खुणेने) जोडा. मराठी पानात इंग्रजीचा उल्लेख हवा, इंग्रजीत मराठीचा. एकतर्फी असेल तर गूगल तो धरेलच असं नाही. सीझनच्या तोंडावर माणूस आधी हे करेल की तुमची ओळ शोधत बसेल?

पडवी_कुडाळ: सरसकट 'एमआर' माका पटूक नाय. आमच्या साइटवर दशावताराचं पान मालवणीत आहे. मी मालवणीला कोकणीच मानतो, आणि कोकणी १९९२ पासून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे. तिचा कोड 'केओके', तीन अक्षरी. गूगल एचरेफलँगमध्ये दोन अक्षरीच मागतो, आणि कोकणीला तसा कोडच नाही. मग आम्ही काय करायचं?

दर्याकाठ: @पडवी, लँगमध्ये 'केओके' चालतो. मराठी पानात मालवणी उतारा असेल तर तेवढ्या परिच्छेदालाही वेगळा लावता येतो. एचरेफलँगची अडचण मात्र खरी आहे, त्यावर उपाय माझ्याकडे नाही.
@रत्नांग्री, गूगलपुरतं मान्य. पण पान माणसं वाचतात. नोटो सान्स देवनागरी या फाँटमध्ये 'लाडघर' लिहून बघा: 'एमआर' लावलं की ल आपल्या शाळेतला, पाकळ्यांचा, नाही लावलं तर हिंदी वळणाचा. शिरोड्याच्या श चंही तेच. आणि पानाची भाषा नोंदवणं ही डब्ल्यूसीएजीची (अपंगांनाही साइट वापरता यावी यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांची) अगदी पहिल्या, 'ए' पातळीची अट आहे.

रत्नांग्री: स्क्रीन रीडरचा मुद्दा पटला, ओळ बदला. पण 'लँग लावून गूगलवर वर आणतो' म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. ते पैसे मराठी पान नीट लिहून घ्यायला घाला.