‘वंशाचा परिणाम’ म्हणावं का?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): संगीत शिक्षणावरचं एक अमेरिकन संशोधन आमच्या इथल्या गाण्याच्या शिक्षिकांसाठी मराठीत आणते आहे. सगळं आकडेवारीचं. ‘रेस’ला वंश, ‘जेंडर’ला लिंग असं लिहीत गेले आणि ‘वंश नियंत्रित करूनही फरक उरला’ या वाक्यावर अडले. हे मराठीत वाचवत नाही. काय लिहू?

उत्तर (शहापूर): ताई, बरं झालं थांबलात. एकाच वंशाची मुलं एकमेकांशी ताडून पाहिली, एवढाच त्याचा अर्थ. ‘वंश सारखा धरला, तरी फरक उरला’ लिहा.

मला जास्त खटकतो तो अशा संशोधनांच्या भाषांतरात येणारा ‘वंशाचा परिणाम’ हा शब्दप्रयोग. एल्पस आणि एब्रिल या संशोधकांनी २०११ साली अमेरिकी हायस्कुलांतल्या बँड, ऑर्केस्ट्रा आणि गायनवृंदांचा हिशेब मांडला. शेवटच्या वर्षातली साधारण २१ टक्के मुलं त्यांत होती. हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक मुळांची) मुलं, इंग्रजी नव्याने शिकणारी मुलं, कमी शिकलेल्या आईबापांची मुलं आणि एकूण मुलगेही लोकसंख्येच्या मानाने कमी भरले. याला ‘वंशाचा परिणाम’ म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, दोष गळ्यात किंवा बोटांत असावा. ‘जातीमुळे शिकला नाही’ आणि ‘जातिभेदामुळे शिकू दिलं नाही’ यांतलं अंतर आपल्याला कळतं, मग इथेही पाळू या. नुसती मोजदाद असेल तिथे ‘वंशानुसार दिसलेला फरक’ म्हणा. कारण कुणी दाखवलं असेल तरच ‘परिणाम’. २०१८च्या सुमारास पुढे आलेल्या ‘क्वांटक्रिट’ (आकडेवारीकडे वंशभेदाच्या चिकित्सक नजरेने पाहणाऱ्या) विचाराचंही हेच म्हणणं आहे की आकडे तटस्थ नसतात आणि रकाने माणसांनी आखलेले असतात.

रकान्याचं सांगतो. आमच्या पेटीच्या क्लासच्या फॉर्मवर ‘मातृभाषा’पुढे एकच ओळ आहे. जूनमध्ये एक मुलगी पेन धरून बसून राहिली. आजीशी मराठी, आईशी कन्नड. शेवटी वडिलांनी ‘मराठी’ लिहिलं आणि यादीत ती तेवढीच राहिली. तिकडचा वंशही बहुधा असाच खूण केलेला चौकोन. म्हणून पहिल्यांदा ‘विद्यार्थ्याने नोंदवलेला वंश’ असं पूर्ण लिहा.

उत्तर (निपाणी): अक्का, लिंग आणि लिंगभाव वेगळे ठेवा. फॉर्मवरची खूण ते लिंग. बाईला काय शोभतं, पुरुषाला काय, ही समाजाची समजूत तो लिंगभाव. एबल्स आणि पोर्टर यांच्या १९७८च्या अभ्यासात लोकांनी बासरी, व्हायोलिन, क्लॅरिनेट बायकी मानले आणि ड्रम, ट्रॉम्बोन, ट्रम्पेट पुरुषी. तिथे लिंगभाव. माझ्या लेकीला तबला हवा होता. ‘पेटी घे, मुलीला शोभते’ असं तिला तोंडावर सांगितलं, आणि ती दोन वर्षं पेटीच ओढत बसली. गंगूबाई हनगलांचा तो भारदस्त, खालच्या पट्टीतला आवाज ऐका. त्याला ‘पुरुषी’ म्हणणारे लिंगभावाचंच बोलत असतात.

प्रश्नकर्ती: मग ‘मुलींची वाद्ये’ला अवतरणचिन्हं घालू?

निपाणी: ‘मुलींची समजली जाणारी वाद्ये’ लिहा, चिन्हं लागणार नाहीत.