मदत हवी आहे: कॉलेज फुटबॉलच्या बाऊल गेमसाठी टीम कशी निवडतात? लेकीच्या भारताच्या तिकिटाचं अडलंय

नमस्कार मंडळी,

विषय जरा वेगळा आहे, पण इथे अमेरिकेतले बरेच जण वाचतात म्हणून विचारतेय. आम्ही मिडवेस्टमधे राहतो. माझी लेक इथल्या एका युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षाला आहे आणि चारही वर्षं तिथल्या मार्चिंग बँडमधे ट्रम्बोन वाजवतेय. फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, पायाने खेळतात तो नाही. मला त्यातलं फार कळत नाही, मी हाफटाइमला बँड बघायला जाते आणि मग गाडीत हीटर लावून बसते.

तर या वर्षी, म्हणजे २०२५ ला, टीमचे ५ विजय आणि ६ पराभव झालेत आणि शेवटची मॅच थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी आहे. लेक म्हणते ती जिंकली की आम्ही "बाऊल एलिजिबल" होणार आणि मग डिसेंबरमधे बाऊल गेमला, म्हणजे सीझन संपल्यावर पात्र टीमना बोलावून होणाऱ्या खास मॅचला, बँडही जाणार. कुठे जाणार, तर माहीत नाही. कधी, तेही माहीत नाही. नक्की का, तर "आई, ते सांगता येत नाही." आणि इकडे सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन २७ डिसेंबरला नाशिकला ठरलंय, हॉल घेतलाय, गुरुजी ठरलेत, सगळी भावंडं सुट्टी काढून येतायत. आजीची ही सगळ्यात लाडकी नात. आमची दोघांची तिकिटं काढून झाली, तिचंच राहिलंय आणि रोज भाव चढतोय.

माझे प्रश्न असे आहेत:

जिंकले तर बाऊल नक्की मिळतो का? कुठला ते कोण ठरवतं आणि कधी कळतं? हरले तर विषय संपला असं धरून मी तिकीट काढू का? आणि सप्टेंबरमधे आमची एक मॅच खालच्या डिव्हिजनच्या टीमशी होती, ती आम्ही आरामात जिंकलो, ती या सहात धरतात का? टीव्हीवर दर मंगळवारी रँकिंग दाखवतात त्यात आमचं नाव कुठेच नसतं, मग आम्हाला कोण बघतंय तरी का?

आमची कॉन्फरन्स (एकमेकांशी खेळणाऱ्या युनिव्हर्सिटींचा गट) मिड-अमेरिकन आहे, सगळे मॅक म्हणतात. कृपया सोप्या भाषेत सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी मंगळवारच्या रँकिंगचं डोक्यातून काढून टाका, तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. ती १३ जणांची कमिटी फक्त २५ टीमची यादी लावते आणि तिचं मुख्य काम प्लेऑफच्या, म्हणजे राष्ट्रीय चॅम्पियन ठरवणाऱ्या बाद फेरीच्या, १२ टीम ठरवणं. त्या १२ सोडून बाकीचे जे ३५ च्या आसपास बाऊल आहेत ते वेगळ्या वाटेने भरतात, आणि तुमच्या लेकीची टीम त्या वाटेवर आहे.

आपल्याकडची इंजिनिअरिंगची कॅप राउंड आठवा. सीईटी देऊन मेरिट लिस्टला नाव लागलं म्हणजे तुम्ही पात्र, पण सीट अजून मिळालेली नाही. इथे ६ विजय म्हणजे पात्रता. १२ मॅचमधे निम्म्या तरी जिंकायच्या एवढाच नियम. सीट मात्र कॉन्फरन्स आणि बाऊल यांच्यात आधीच झालेल्या करारावर मिळते. प्रत्येक कॉन्फरन्सचे ठरलेले बाऊल असतात. मोठ्या कॉन्फरन्सकडे चांगले आणि जास्त, मॅकसारख्या लहान कॉन्फरन्सकडे थोडे.

खालच्या डिव्हिजनची मॅच धरतात, पण वर्षाला एकच, आणि त्या टीमने स्कॉलरशिपचा ठरावीक कोटा भरलेला असावा लागतो. तुमची एकच आहे, त्यामुळे काळजी नको.

धागाकर्ती

धन्यवाद, कॅप राउंडमुळे एकदम डोक्यात शिरलं. म्हणजे ६ जिंकूनही घरी बसायची वेळ येऊ शकते का?

प्रतिसाद २

येऊ शकते आणि आलेली आहे, तीही तुमच्याच मॅकमधे. २०१७ ला बफलो आणि वेस्टर्न मिशिगन दोघांचे ६-६ (६ विजय, ६ पराभव) होते, दोघंही घरी बसले. त्याआधी २०१० ला टेंपल युनिव्हर्सिटीने १२ पैकी ८ जिंकल्या होत्या, तेव्हा टेंपल मॅकमधे होतं, आणि त्यांना एकाही बाऊलने बोलावलं नाही. त्याच वर्षी मोठ्या कॉन्फरन्समधल्या ६-६ वाल्या टीम बाऊल खेळल्या. मला अजून त्याचं वाईट वाटतं, कारण मैदानावर ज्यांनी जास्त जिंकलं त्यांनाच बाहेर ठेवलं.

कारण साधं आहे, बाऊल ही सरकारी स्पर्धा नाही. पहिला रोझ बाऊल १९०२ ला कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाला झाला, मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० हरवलं, आणि तो भरवला होता नववर्षाच्या रोझ परेडवाल्यांनी, थंडीत लोकांनी आपल्या गावात यावं म्हणून. आजही पाया तोच आहे. बाऊल भरवणारी मंडळी बघतात की कुठल्या टीमचे लोक विमानं भरून येतील, हॉटेलात राहतील आणि टीव्हीवर कोणती जोडी बघितली जाईल. लहान गावातली लहान युनिव्हर्सिटी तिथे मागे पडते. स्थळ बघताना पत्रिका जुळली म्हणून लग्न ठरत नाही, तसंच समजा. ६ विजय म्हणजे पत्रिका जुळली.

पण ताई, या घडीला घाबरू नका. आता बाऊल इतके वाढलेत की प्लेऑफ धरून ८० च्या वर जागा आहेत आणि या पातळीवर टीम आहेत १३० च्या वर. अलीकडे उलटंच होतंय, ६ विजयवाले कमी पडतात. त्यामुळे शुक्रवारी जिंकलात तर मिळेल असं धरून चाला.

प्रतिसाद ३

वरच्यांनी हरल्यावरचं सांगितलं नाही म्हणून लिहितोय, कारण तिकिटाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं आहे. हरलात तर ५-७ होणार, आणि विषय ९० टक्के संपला, १०० टक्के नाही.

जागा उरल्या तर ५-७ वाल्या टीमना बोलावतात, आणि तिथे क्रम लागतो अभ्यासावर! एपीआर नावाचा आकडा असतो, अकॅडेमिक प्रोग्रेस रेट. प्रत्येक स्कॉलरशिपवाला खेळाडू दर सेमिस्टरला अभ्यासात पात्र राहिला का आणि कॉलेजात टिकला का याचे पॉइंट, जास्तीत जास्त १०००. ५-७ वाल्यांमधे ज्याचा एपीआर वर त्याला आधी विचारतात, तो नको म्हणाला की पुढचा. २०१५ ला नेब्रास्का, मिनेसोटा आणि सॅन होजे स्टेट असे तिघं या दाराने आत आले. २०२३ ला परत मिनेसोटा. मला हा नियम मनापासून आवडतो, निदान कुठेतरी मुलांचा अभ्यास मोजला जातो.

आणि उशिराही फोन येतो. गेल्या सीझनला मार्शल युनिव्हर्सिटीने आपली कॉन्फरन्स जिंकली, लगेच कोच दुसरीकडे गेला, पाठोपाठ खेळाडूंनी ट्रान्सफर पोर्टलमधे (कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीत) नावं टाकली, इतकी की टीमच उभी राहीना. त्यांनी इंडिपेंडन्स बाऊलमधून माघार घेतली तेव्हा बाऊलची घोषणा होऊन आठवडा होत आला होता. त्यांच्या जागी ५-७ वाली लुइझियाना टेक गेली. तिथल्या बँडच्या मुलांनी सुट्टीचे काय काय बेत मोडले असतील विचार करा. तेव्हा तिकीट काढाल ते तारीख बदलता येणारं काढा.

धागाकर्ती

अरे बापरे. हे माहीतच नव्हतं. आता मुख्य प्रश्न, तारखा. जिंकलो तर नक्की कधी कळेल? आणि मॅकवाल्यांना साधारण कुठे पाठवतात?

प्रतिसाद ४

मी डेट्रॉइटजवळ राहतो, माझा मुलगा मॅकमधल्याच एका बँडमधे होता, त्यामुळे या सगळ्यातून गेलोय.

कळतं रविवारी ७ डिसेंबरला. शनिवारपर्यंत सगळ्या कॉन्फरन्सच्या फायनल होतात, रविवारी दुपारी आधी प्लेऑफच्या १२ टीम जाहीर होतात आणि मग संध्याकाळपर्यंत बाकीचे बाऊल धडाधड लागतात. वरून खाली पाणी सोडल्यासारखं आहे. वरच्या कॉन्फरन्समधली एक टीम प्लेऑफला गेली की खालचे सगळे एकेक पायरी सरकतात, म्हणून आधी कोणी छातीठोक सांगू शकत नाही. इंटरनेटवर अंदाज वाचाल तर वाचा, पण त्यावर पैसे लावू नका.

मॅकच्या टीम साधारण जिकडे जातात त्यातले काही आणि या वर्षीच्या तारखा देतो. अलाबामात मोबाइल नावाचं गाव आहे तिथला १७ तारखेला. आयडाहोत बॉइझीचा बटाट्याचा बाऊल २२ ला, तिथलं मैदान निळं आहे. फ्लोरिडात बोका रेटन २३ ला. आमचा डेट्रॉइटचा २६ ला आणि ॲरिझोनात टूसॉनचा २७ ला. करार असला तरी शेवटच्या क्षणी अदलाबदल होते, ईएसपीएन या स्पोर्ट्स चॅनलच्या मालकीचेच डझनभराहून जास्त बाऊल आहेत, ते जोड्या जमवताना इकडची टीम तिकडे करतात, दोन्ही कॉन्फरन्स हो म्हणाल्या की झालं. त्यामुळे या यादीबाहेरचंही गाव निघू शकतं.

तुमच्यासाठी हिशोब असा. १७ असेल तर प्रश्नच नाही. २२ असेल तर ती २३ ला शिकागोहून निघून २५ पर्यंत मुंबई आणि गाडीने नाशिक, दमेल पण पोचेल. २३ असेल तर फारच ओढाताण. २६ किंवा २७ असेल तर दोन्हीपैकी एकच.

अजून एक, बँड पूर्ण जाईलच असं नाही. लांबचा बाऊल असेल तर काही ठिकाणी अर्धाच बँड नेतात. खर्च मुलांवर पडत नाही, निदान आमच्या वेळी नव्हता. लेकीला सांगा बँड डायरेक्टरला आत्ताच विचार की शेवटच्या वर्षाच्या मुलांना आधी घेणार का, आणि घरी कार्यक्रम आहे हेही आत्ताच सांग. आम्ही ते शेवटपर्यंत सांगितलं नाही आणि मग फार अवघड झालं.

गेल्या वर्षी २६ डिसेंबरला मी फोर्ड फील्डला (डेट्रॉइटच्या बाऊलचं स्टेडियम) होतो, टोलीडो आणि पिट्सबर्ग. सहा ओव्हरटाइम झाले, ४८-४६ ने टोलीडो जिंकलं, इतके ओव्हरटाइम कुठल्याच बाऊलला त्याआधी झाले नव्हते. मॅकची टीम, एसीसी या मोठ्या कॉन्फरन्सच्या टीमसमोर. मला बिनमहत्त्वाचा बाऊल असं कोणी म्हटलं की तो दिवस आठवतो. बँडमधली मुलं शेवटी वाजवत होती तेव्हा ओठ सुजले होते त्यांचे, तरी थांबत नव्हती.

प्रतिसाद ५

थोडं प्लेऑफबद्दल, कारण कोणाला तरी उत्सुकता असेल. १२ पैकी ५ जागा कॉन्फरन्स जिंकणाऱ्यांपैकी रँकिंगमधे सगळ्यात वर असलेल्या पाच जणांना, उरलेल्या ७ सरळ रँकिंगप्रमाणे. गेल्या वर्षी पहिल्या चार चॅम्पियनना थेट क्वार्टर फायनल दिली होती, त्यात रँकिंगमधे नववी असलेली बॉइझी स्टेट तिसरी आणि बारावी असलेली ॲरिझोना स्टेट चौथी सीड (प्लेऑफमधला क्रमांक) झाली. चारही जण पहिल्याच मॅचला हरले आणि आठवी सीड ओहायो स्टेट चॅम्पियन झाली. म्हणून या वर्षीपासून सीडिंग सरळ रँकिंगने.

चारच टीमचं प्लेऑफ होतं तेव्हा तर २०२३ ला फ्लोरिडा स्टेट १३ पैकी १३ जिंकून बाहेर राहिली, क्वार्टरबॅक, म्हणजे टीमचा खेळ चालवणारा मुख्य खेळाडू, जखमी झाला म्हणून. तेव्हा कमिटी असली तरी माणसांचंच मत आहे, गणित नाही. ताईंच्या टीमला त्यातलं काही लागू नाही, फक्त वरून पाणी सुटतं ते असं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री लेकीशी बोलले. परवाच्या बुधवारी रात्रीच्या मॅचला इतकी थंडी होती की ट्रम्बोनची स्लाइड अडकत होती, सगळी मुलं माउथपीस हातमोज्याच्या आत मुठीत धरून उभी होती. चार वर्षांत टीम एकदाही बाऊलला गेली नाही आणि ही तिची शेवटची संधी. मी इतके दिवस फक्त तिकिटाचं बघत होते, ती मात्र दोन्हीकडे सारखीच ओढली जातेय हे मला काल कळलं.

मग सासूबाईंना फोन केला आणि सगळं खरं खरं सांगितलं. त्यांना बाऊल वगैरे काही कळलं नाही, पण म्हणाल्या, "वाद्य हातात घेतलंय तर शेवटपर्यंत वाजवून ये म्हणावं, मी काय पळून जात नाही." आणि २७ ला ती नसली तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात घरच्या घरी परत ओवाळून घेईन म्हणाल्या.

तर असं ठरलंय. आम्ही दोघं १९ ला ठरल्याप्रमाणे निघतो. तिचं तिकीट २३ चं शिकागो ते मुंबई, तारीख बदलता येणारं, आज काढलं, थोडं महाग पडलं. ७ तारखेला १७ किंवा २२ लागलं तर तेच राहील, २३ किंवा त्यापुढचं लागलं तर पुढे ढकलायचं. हरलो तरी ते लगेच अलीकडे आणायचं नाही, मार्शलचं वाचल्यावर मी आठवडाभर थांबणार आहे. बँड डायरेक्टरला तिने ईमेल केली, शेवटच्या वर्षाची सगळी मुलं जाणार असं उत्तर आलंय.

शुक्रवारी दुपारची मॅच आहे, या वेळी मी गाडीत बसणार नाही. आणि कोणी २३ डिसेंबरला शिकागोहून मुंबईला जाणार असेल तर कृपया कळवा, ती एवढा लांबचा प्रवास पहिल्यांदाच एकटी करणार आहे आणि सोबत ट्रम्बोनची पेटी असेल, आजीला वाजवून दाखवायचंय म्हणते. ती पेटी केबिनमधे नेऊ देतात का हेही कोणाला माहीत असेल तर सांगा.