अनुभव धागा: ज्यांच्या ठेक्यावर मान आपोआप हलते असे ड्रमर

वेग, तयारी, लांबलचक सोलो यांवर भरपूर बोललं जातं. इथे फक्त 'फील'बद्दल, म्हणजे ठेका कसा झुलतो त्याबद्दल लिहूया. एक ड्रमर किंवा एक शैली घ्या, हातपाय नेमकं काय करतात ते सांगा, रियाज कसा बसवायचा आणि कुठे बिघडतं तेही सांगा. आवडत्या नावांची नुसती यादी नको. (प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

शफलप्रेमी

पहिलं नाव बर्नार्ड पर्डी. त्याचा हाफ-टाइम शफल (तिकड्यांवर झुलणारा ठेका) स्टीली डॅन या बँडच्या 1977च्या 'होम ॲट लास्ट'मध्ये स्वच्छ ऐकू येतो. चार मात्रांचा बार घ्या आणि प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे करा, म्हणजे 12 खण होतील. उजवा हात हाय-हॅटवर (स्टँडवरच्या जोडझांजेवर) प्रत्येक तिकडीचा पहिला आणि तिसरा खण वाजवतो. डावा हात स्नेअरवर (समोरच्या खणखणीत ड्रमवर) मधला खण, म्हणजे 2, 5, 8, 11, जेमतेम ऐकू येईल इतका हळू वाजवतो. हेच घोस्ट नोट्स. मोठा ठोका फक्त सातव्या खणावर. किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) सुरुवातीला फक्त पहिल्यावर ठेवा.

खरी अडचण सात आणि आठ यांच्यामध्ये आहे. सातवर डाव्या हाताने सणसणीत ठोका द्यायचा आणि लगेच आठवर त्याच हाताने कुजबुज करायची. बहुतेकांची काठी सातनंतर उसळून वर जाते, मग आठवा एकतर मोठा वाजतो नाहीतर गळतो. उपाय असा: सातचा ठोका दिल्यावर मागची तीन बोटं मिटून काठी कातड्यापासून दोन-तीन सेंटीमीटरवर अडवा आणि तिथूनच आठवा टाका. मनगट वर न्यायचं ते पाचनंतरच. आधी फक्त डावा हात, 7-8-11-2-5 असा फिरवत, मेट्रोनोम 50वर (मिनिटाला 50 मात्रा) ठेवून बसवा. हाय-हॅट नंतर. ही पायरी गाळून थेट गाण्याच्या वेगात बसलं की घोस्ट नोट्स फुगतात आणि सगळा ठेका जड होतो.

टोटो बँडच्या 1982च्या 'रोझॅना'त त्यांचा ड्रमर जेफ पोर्कारोने याच शफलमध्ये लेड झेपलिनच्या जॉन बॉनमची ढब मिसळली आणि किकला बो डिडलीची चाल दिली. तीन उगम त्याने स्वतः सांगितलेत. माझ्या मते 'रोझॅना' पर्डी पक्का झाल्यावरच हाती घ्यावं.

मागचा ठोका

मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओतला अल जॅक्सन ज्युनियर. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचे त्याचे स्नेअरचे ठोके किंचित मागे बसतात. 'मागे' म्हणजे किती? 110च्या वेगात बारच्या सोळाव्या भागाचं अंतर साधारण 136 मिलिसेकंद असतं. त्यातले 15-20 मागे गेले तरी गाणं ऐसपैस वाटायला लागतं. 40च्या पुढे गेलं की हाय-हॅट आणि स्नेअर वेगळे ऐकू येतात, ठेका फाटतो.

नेहमी होणारी चूक म्हणजे स्नेअर मागे न्यायच्या नादात सगळंच मागे जातं आणि लय उतरते. हाय-हॅट आणि किक क्लिकलाच (मेट्रोनोमच्या टिकटिकीला) चिकटलेले हवेत, मागे रेलतो फक्त स्नेअर. फोनवर रेकॉर्ड करून कुठल्याही ऑडिओ ॲपमध्ये लहरी मोठ्या करून बघा. कान सुरुवातीला फसवतो, चित्र फसवत नाही.

याच्याच शेजारी रोलिंग स्टोन्सचा चार्ली वॉट्स. बारच्या आठ अर्ध्या मात्रांपैकी तिसऱ्या आणि सातव्याला तो हाय-हॅटवरून हात उचलतो, त्यामुळे स्नेअर एकटा वाजतो. करून बघा, तोच ठेका एकदम मोकळा होतो.

नायाबिंगी

रेगे. बॉब मार्लीच्या वेलर्समधला कार्लटन बॅरेट, सोबत बेसवर त्याचा भाऊ ॲस्टन. वन ड्रॉप या ठेक्यात पहिली मात्रा रिकामी असते, किक आणि क्रॉस-स्टिक (स्नेअरवर आडवी काठी ठेवून तिच्या कडेवर, म्हणजे रिमवर, दिलेला ठोका) तिसऱ्या मात्रेवर एकत्र पडतात. रॉकची सवय असलेला पाय पहिल्या मात्रेवर नकळत हलका ठोका देतो, आणि तिथेच रेगे संपतो. पहिले पंधरा दिवस पहिली मात्रा तोंडाने मोजा, पाय टाचेवर टेकवून ठेवा.

क्रॉस-स्टिकचा आवाज पातळ येत असेल तर काठी उलटी धरा, जाड टोक रिमवर. तळवा कातड्यावर ठेवून काठी सेंटीमीटर-सेंटीमीटर पुढेमागे सरकवा. एका जागी लाकडाचा भरीव 'टॉक' मिळतो, तिथे काठीवर पेनने खूण करून ठेवा.

पॅडवाला

ड्रमर नाही, पण त्याच्यामुळे ड्रमर बदलले: डेट्रॉइटचा जे डिला. त्याच्या एमपीसी (पॅड दाबून ठेके बनवायच्या) मशीनवर एका मात्रेचे 96 भाग पडतात, 90च्या वेगात एक भाग जेमतेम 7 मिलिसेकंद. मशीनच्या सरळ रेषेत न ठेवता तो ठोके हवे तिथे बसवायचा. 'द रूट्स'चा ड्रमर क्वेस्टलव याने पुढे तेच खऱ्या ड्रमसेटवर आणलं. सरावासाठी हाय-हॅट सरळ ठेवा, स्नेअर दोन-तीन भाग आधी, किक तेवढीच उशिरा. प्रत्येक बारमध्ये सरकण तीच हवी. दर वेळी वेगळी झाली की नुसता बेताल वाटतो.

डग्गा

आपल्याकडचा केरवा याच पंगतीत बसतो. धा गे ना ती, न क धि ना. बोल सगळ्यांना पाठ असतात, झुलतो मात्र एखाद्याचाच, कारण झोका डग्ग्याच्या घिश्श्यात आहे. मनगटालगतचा तळवा मैदानावर (शाईभोवतीच्या कातड्यावर) टेकवा, 'गे' वाजवताच शाईच्या (काळ्या गोलाच्या) दिशेने दाबत सरकवा, सूर चढतो. दाब आघाताच्या आधी पडला तर आवाज दबतो, उशिरा पडला तर सूर वळायच्या आत विझून जातो. 'न क' हे पर्डीच्या घोस्ट नोट्सइतकेच हळू हवेत. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने पुडी सैल पडते आणि तळवा अडकतो, तेव्हा चिमूटभर पावडर लागतेच.

मुंबईच्या त्रिलोक गुर्टूंचा ड्रमसेट ऐकताना हाच हात ओळखू येतो. गायिका शोभा गुर्टूंचे चिरंजीव, मुळात तबल्याचे. ते जमिनीलगत बसून वाजवतात, नेहमीची पायाची किक नाही, वाजती झांज पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा सूर वाकवतात.

शफलप्रेमी

मागचा ठोका यांच्या रेकॉर्डिंगच्या सूचनेत एक भर. सारखी क्लिक लावू नका. दोन बार क्लिक, दोन बार शांतता, अशी लावा. तिसऱ्या बारला तुम्ही पुढे पळता की मागे पडता ते क्लिक परत आल्याबरोबर कळतं. दोनवर जमलं की चार बार शांत ठेवा.