नाकाबंदीत भावाला पकडलं, मशीनवर ४८ आलं. सोमवारी कोर्ट आहे

प्रश्न:
शनिवारी रात्री पुण्यात धाकट्या भावाला नाकाबंदीत अडवलं. मित्राच्या हळदीहून येत होता, बिअर घेतली होती हे तो स्वतःच सांगतो. फुंकायला लावलं तर ४८ आलं. बाइक ठेवून घेतली, लायसन्स काढून घेतलं, दवाखान्यात नेऊन रक्त घेतलं आणि पहाटे जामिनावर सोडलं. आमच्या घरात कुणी कोर्टाची पायरी चढलेलं नाही. चलान ऑनलाइन भरून मिटेल का? गाडी कशी सोडवायची? गुन्हा कबूल करून टाकावा का?

उत्तर १:
ताई, काही होत नाही. अ‍ॅपवर चलान येईल, भरून टाका. गाडी सोमवारी सोडतात.

उत्तर २ (वकील, दंडाधिकारी न्यायालयात काम करतो):
ताई, वरचं कृपया ऐकू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणं, जागेवर पैसे भरून मिटवता येत नाही. असे पैसे भरून तडजोडीने मिटणारे गुन्हे कलम २०० मध्ये दिले आहेत, त्यात १८५ नाही. कोर्टात जावंच लागेल. मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिग्रॅ, म्हणजे ४८ ही त्याच्या वरच आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: कागदांवरच्या वेळा. कलम २०२ प्रमाणे १८५ खाली अटक केली, तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर माणसाला कोठडीतून सोडायला लागतं. अटक मेमोवरची वेळ आणि दवाखान्याच्या दाखल्यावरची वेळ शेजारी ठेवून बघा.

लायसन्सची पोच दिली का? तीही मागा. मात्र १८५ मध्ये ती पोच म्हणजे गाडी चालवायची परवानगी नव्हे. लायसन्स परत मिळेपर्यंत भावाने हँडलला हात लावू नये. आरटीओने लायसन्सवर कारवाई करण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं, तेव्हा नोटीस आली की उत्तर द्या, दुर्लक्ष करू नका.

गाडीबद्दल: कलम २०२ मध्ये गाडीची तात्पुरती व्यवस्था करण्याचा अधिकार पोलिसांना आहे. पण परवाना किंवा नोंदणी नसेल तर गाडी अडकवून ठेवणारं जे कलम २०७ आहे, त्यात १८५ येत नाही. तेलंगणा उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं की अशा वेळी गाडी दारू न प्यायलेल्या सोबत्याकडे किंवा नातेवाइकाकडे द्यावी. आपल्याकडे तो निकाल बंधनकारक नाही, पण अर्जात मांडायला उपयोगी आहे. आरसी, विमा, आधार घेऊन तुम्हीच अर्ज करा.

उत्तर ३:
वकीलसाहेब, त्याने फुंकलंच नसतं तर?

उत्तर ४ (वकील):
नुसत्या नकारावर सुटका होत नाही, उलट अडकतो. संशय घेण्यासारखं कारण असेल तर २०३ खाली नकारावरही अटक होते. आणि कलम २०५ प्रमाणे सबळ कारण नसलेला नकार कोर्टात त्याच्याच विरुद्ध धरला जाऊ शकतो. फुंकावं, पण नवी नळी लावायला सांगावी आणि आलेल्या आकड्याची पावती मागावी. चौकीत पुन्हा फुंकायची संधी द्यावी असंही २०३ सांगतं. बाईचं रक्त पुरुष डॉक्टर घेत असेल तर दुसरी बाई हजर हवी. अटकेचं कारण आणि जामिनाचा हक्क सांगणं, नातेवाइकाला कळवणं हे सगळ्यांनाच लागू आहे.

प्रश्नकर्ती:
कागद शोधले. मेमोवर ११:४० लिहिलंय, दवाखान्याच्या दाखल्यावर १:५५. गाडीची पावती दिलेली नाही.

उत्तर ५ (वकील):
सव्वादोन तास. म्हणजे तेव्हा कोठडीतून सोडायला हवं होतं. त्याने खटला आपोआप पडत नाही हे मात्र नीट समजून घ्या. बचावाचा एक मुद्दा हाती आला, एवढंच. दोन्ही कागदांच्या झेरॉक्स काढा, मूळ प्रती घरी ठेवू नका, सोमवारी सोबत आणा. गुन्हा कबूल आहे का असं विचारतील तेव्हा घाईने हो म्हणू नये. कागदपत्रांच्या प्रती मागाव्यात, वकील करायला पुढची तारीख मागावी. वकील परवडत नसेल तर त्याच इमारतीत विधी सेवा समितीचं कार्यालय असेल, तिथे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो. आणि गाडीच्या पावतीसाठी आजच चौकीत लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.